दोन कप्प्यांत न मावणारे अण्णा

‘अलबेला’ हा चित्रपट १९५१ साली आला. त्यात एक अंगाईगीत आहे. पिलूच्या वळणाचं, इतकं हळुवार की आजही एखादी आजी नातवाला थोपटताना नकळत तेच गुणगुणते. त्याच चित्रपटात आणखी एक गाणं आहे. त्यात बोंगो घुमतात, ट्रम्पेट ललकारतो, सॅक्सोफोन त्याची फिरकी घेतो आणि पडद्यावर भगवानदादा व गीता बालीचे पाय एका जागी ठरत नाहीत. दोन्ही गाण्यांची चाल एकाच माणसाची. दुसऱ्या गाण्यातला पुरुषी आवाजही त्याचाच. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, म्हणजे सिनेमावाल्यांचे अण्णा.

आपल्याकडे गाण्यांचे दोन कप्पे करण्याची जुनी खोड आहे. एकात ‘चांगलं’ गाणं, दुसऱ्यात ‘उडतं’ गाणं. पहिलं देवघरात, दुसरं ओसरीवर. अण्णांच्या बाबतीतही आपण हेच केलं. ‘अनारकली’चे सी. रामचंद्र थोर आणि ‘ईना मीना डीका’वाले सी. रामचंद्र जरा वाट चुकलेले, अशी विभागणी करून मोकळे झालो. मला ही विभागणीच मुळात मान्य नाही. लोकप्रिय संगीत आपल्या देशात कसं जन्मलं आणि कसं वाढलं, हे समजून घ्यायचं तर या माणसाकडे अखंड पाहावं लागतं.

हे मी लिहितो आहे ते आंबागडहून. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या कडेला आमचं गाव. डोक्यावर किल्ला, पायथ्याशी धानाच्या बांध्या. मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंशी या मातीचा काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो दिवाळीनंतर दरवर्षी दिसतो. धान घरात येऊ लागलं की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री खडी गंमत उभी राहते, कुठे दंडार रंगते. शाहीर पुढे येतो, ढोलकी कडाडते, तुणतुणं लागतं आणि शाहीर जी चाल उचलतो ती पुष्कळदा जुन्या हिंदी चित्रपटातली असते. शब्द त्याचे, गावचे, हुंड्यावरचे नाहीतर दारूबंदीवरचे. चाल मात्र सिनेमाची. मग दुसऱ्या दिवशी पारावर जाणती मंडळी हळहळतात की सिनेमानं आमची लोककला नासवली. ही हळहळ मी लहानपणापासून ऐकत आलो. आता तर तिला परिसंवादांतूनही जागा मिळते आणि त्यापायी एखादा गुणी शाहीर ‘फिल्मी’ ठरून मागे पडतो. म्हणून त्या चालींच्या एका मोठ्या कर्त्याची कहाणी सांगावीशी वाटली. ती ऐकली तर नासवलं कुणी आणि घडवलं कुणी, याचा निवाडा करणं सोपं जाईल.

अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. वडील रेल्वेच्या नोकरीत. त्यामुळे घर एका जागी फार काळ टिकलं नाही आणि मुलाच्या संगीतशिक्षणाची एक महत्त्वाची वाट आमच्या विदर्भातून, नागपुरातून गेली. तिथं शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. सप्रे गुरुजींचं नाव घेतलं की जाणकारांना त्यांचे दुसरे शिष्य आठवतील, वसंतराव देशपांडे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयातही अण्णा शिकले. विनायकबुवा म्हणजे पलुसकरांच्या परंपरेतले, शिस्तीचे, ग्वाल्हेर गायकीचे. तेव्हा पुढे ज्यांनी रंबा आणि स्विंग वाजवला त्यांच्या पायात बंदिशीचे चाळ आधीच बांधलेले होते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या काळी लोकप्रिय संगीत नावाची गोष्ट आपल्याकडे नव्हती असं मुळीच नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्यातल्या पदांना चाली कुठल्या होत्या? साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं. जिथं गोड चाल सापडली तिथून ती उचलली होती. पुढे त्याच नाट्यपदांना आपण अभिजात म्हणू लागलो, ही गोष्ट वेगळी. इकडे तमाशाच्या फडांनी मुंबईच्या गिरणगावात तिकिटाची लावणी रुजवली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरले आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उमटला. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला.

तबकडीनं गाण्यावर एक मोठं बंधन आणलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रात्र-रात्र रंगणाऱ्या बैठकीला, दहा वन्स मोअर घेणाऱ्या नाट्यपदाला तीन मिनिटांच्या भांड्यात ओतायचं होतं. थोर गवय्यांना ही अडचण वाटली. १९३१ साली ‘आलमआरा’नं चित्रपट बोलका केला आणि त्याच भांड्यात एक संपूर्ण, नवी, आटोपशीर चीज शिजवणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. मुखडा असा हवा की ऐकताक्षणी जिभेवर बसावा. अंतरा असा हवा की तिसऱ्या मिनिटाला मुखड्याशी परत यावा. मधल्या जागा वाद्यांनी भराव्यात. लोकप्रिय संगीताचं व्याकरण हेच. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी आणि न्यूयॉर्कच्या गाणी छापणाऱ्यांनी ते त्यांच्याकडे घडवलं. आपल्याकडे ते चित्रपटाच्या संगीतकारांनी घडवलं.

अण्णा या धंद्यात शिरले ते मात्र संगीतकार म्हणून नव्हे. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या १९३५ च्या चित्रपटात ते चक्क नायक होते. नायकपणाचं हे खातं तिथंच बंद झालं. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये लहानसहान भूमिका केल्या. चेहऱ्यानं जे मिळालं नाही ते बोटांनी मिळवून दिलं. मिनर्व्हात ते पेटी वाजवू लागले. बुंदू खाँ, हबीब खाँ यांच्यासारख्या संगीतकारांच्या हाताखाली चाल बांधणं म्हणजे काय हे जवळून पाहिलं. गवय्याची तालीम आणि स्टुडिओची तालीम यांत फरक असतो. स्टुडिओत घड्याळ असतं, निर्माता असतो, आवाज न लागणारी नटी असते आणि गाणं तरीही उभं करावं लागतं.

याच धडपडीच्या काळात त्यांना भगवान पालव भेटले. गिरणी कामगाराचा मुलगा, मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढणारा, अंगानं आडवा आणि नाचात मात्र पिसासारखा हलका. भगवान मद्रासकडे तमिळ चित्रपट करायला गेले तेव्हा संगीताचं काम त्यांनी अण्णांवर सोपवलं. १९४१ चा ‘वनमोहिनी’ हा त्यातला एक. म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या, नागपुरात आणि पुण्यात शिकलेल्या या मराठी मुलाची संगीतकार म्हणून सुरुवात झाली ती तमिळमध्ये. नंतर ‘सी. रामचंद्र’ हे नाव असं रुळलं की नुसतं नाव ऐकणाऱ्याला हा कुणी मद्रासकडचा गृहस्थ वाटावा. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीतही भगवान आणि अण्णा ही जोडी जमली.

आता कहाणीतलं दुसरं पात्र पुढे आणायला हवं. त्याला एकच एक चेहरा नाही. ते पात्र म्हणजे मुंबईतले गोवेकर वादक. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. पोटासाठी ही मुलं मुंबईला येत आणि लष्करी बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत वाजवत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्यासोबत वाजवत आमच्या गोवेकरांनी जाझ थेट उगमाकडून शिकून घेतला. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ यांनी ट्रम्पेटवर अशी हुकमत मिळवली की मुंबईनं त्यांना आपला लुई आर्मस्ट्राँग मानलं. चिक चॉकलेट या नावानं ते ओळखले जात.

देश स्वतंत्र झाला, गोरे साहेब गेले. १९४९ च्या कायद्यानं मुंबई प्रांतात दारूबंदी कडक झाली. क्लब आणि हॉटेलांतल्या नाचगाण्यांची रया गेली. वाजवणारे हात मात्र तेच होते, त्यांना काम हवं होतं. चित्रपटाच्या स्टुडिओंचे दरवाजे उघडे होते. एका बाजूला कागदावर स्वर लिहिणारे, एकाच वेळी चार सुरांचा मेळ साधणारे वादक. दुसऱ्या बाजूला राग जाणणारे, पेटीवर चाल बांधणारे, पण त्या पद्धतीचं स्वरलेखन न येणारे संगीतकार. या दोघांची गाठ पडणं अटळ होतं. अनेक संगीतकारांनी या वादकांकडून नुसतं काम करून घेतलं. अण्णांनी त्यांचं कान देऊन ऐकलं, हा फरक आहे. बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटचे ते भक्त होते. चिक चॉकलेट आणि जॉनी गोम्स यांच्यासारखे वादक त्यांचे सहायक झाले. ‘अलबेला’त तर चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरच दिसतात. वादकाला अंधारात बसवण्याच्या त्या काळात हेही थोडं नव्हतं.

१९४७ साली पी. एल. संतोषींचा ‘शहनाई’ आला. नाव शहनाई, पण गाजलं ते रविवारच्या भेटीचं आमंत्रण देणारं एक खट्याळ इंग्रजाळलेलं गाणं, अण्णांच्याच आवाजातलं. गायक म्हणून ते तबकडीवर आपलं नाव नुसतं चितळकर असं लावत. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगून आणि डेहराडूनमधले नवराबायको टेलिफोनवर बोलतात ते गाणं शमशाद बेगम आणि चितळकर यांनी गायलं. फोनवरच्या गप्पांचं गाणं होऊ शकतं, हे तेव्हा नवलच होतं. १९५० च्या ‘समाधी’तलं लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांचं जोडगाणं कारमेन मिरांडाच्या एका लॅटिन ढंगाच्या अमेरिकन गाण्यावरून उचललेलं. उचललेलं म्हणायला संकोच कशाला? किर्लोस्करांनी कानडी पदं उचलली तेव्हा आपण त्याला चाल घेणं म्हटलं. तोच न्याय इथंही लावावा. प्रश्न चाल कुठून आली हा नाही, ती आल्यावर आपल्या घरची झाली का हा आहे. ‘समाधी’तल्या त्या गाण्यावर गावच्या वरातीत नाचणाऱ्या पोरांना पोर्तो रिको कुठे आहे हे ठाऊक नसतं. चाल घरची झाल्याची याहून मोठी खूण कुठली?

‘अलबेला’त ही सगळी रसायनं एकत्र आली. अण्णांनी काय केलं हे जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आपला कान समेची वाट पाहत असतो, आघात पहिल्या मात्रेवर. जाझच्या स्विंगमध्ये चार ठोक्यांपैकी दुसरा आणि चौथा ठोका अंगावर येतो. बेताल न होता पाय उचलावासा वाटतो तो त्यामुळे. ज्यानं खडी गंमत पाहिली आहे त्याला हे फार परकं वाटणार नाही. ढोलकीवालाही समेच्या अलीकडे-पलीकडे असाच खोड्या काढत असतो आणि नाच्याचं पाऊल त्या खोडीवरच पडतं. अण्णांनी ही नाती ओळखली. वरचं गाणं साधं, चार सुरांत फिरणारं, कुणालाही म्हणता येईल असं ठेवलं. खालचा ठेका मात्र परदेशी हातांनी नटवला. ऐकणाऱ्याला ओळखीचं आणि अनोळखी एकाच घासात मिळालं. आणि त्याच चित्रपटात, त्याच श्रोत्याला त्यांनी पिलूची अंगाई दिली. श्रोत्यानं दोन्ही घेतलं. कप्पे श्रोत्यानं केलेच नाहीत. ते करणारे वेगळे होते.

ते कोण, हे सांगायला एक उदाहरण पुरे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. तेही मराठीच. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ खरी होती आणि आकाशवाणीवर अभिजात संगीताला त्यांनी जे स्थान दिलं त्याचं ऋण मानलंच पाहिजे. पण सिनेमाचं गाणं हलकं, पाश्चात्त्य वळणाचं, रुची बिघडवणारं, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून ही गाणी जवळपास हद्दपार झाली. झालं काय? श्रोता गाण्याच्या मागे सिलोनला गेला. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता सगळा देश समुद्रापलीकडच्या केंद्राला कान लावून बसू लागला. गंमत पाहा. १९५३ साली गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं ‘अनारकली’तलं होतं, अण्णांच्या चालीचं, लताच्या आवाजातलं, भीमपलासात बांधलेलं. रुची बिघडवणारा म्हणून ज्या संगीताला दार बंद केलं, तेच परदेशी केंद्रावरून घराघरांत भीमपलास पोचवत होतं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि सरकारनं सिनेमाच्या गाण्याला मागच्या दारानं का होईना घरात घेतलं.

आंबागडला हे गाणं असंच आडवळणानं पोचलं. आमच्या तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी. खाणीत काम करणाऱ्यांच्या हाती रोख पगार असे, त्यामुळे ट्रान्झिस्टर आधी त्यांच्याकडे आले. गायमुखच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तोही मुंबईत जुना झालेला. आमच्या घरात वडीलधाऱ्यांना सिनेमाचं गाणं चालत नसे. मुलं शेजारच्या पडवीत जाऊन सिलोन ऐकत. तिथं खाणमजूर, गोंड, पोवार, मुसलमान, सगळे एका रेडिओभोवती बसलेले असत. त्यांना भीमपलास ठाऊक नव्हता आणि स्विंगही ठाऊक नव्हता. पण ‘अनारकली’चं गाणं लागलं की बोलणं थांबे आणि ‘अलबेला’चं लागलं की गुडघे हलू लागत. एकाच माणसानं आपल्याला आधी गप्प केलं आणि मग नाचवलं, हे त्यातल्या कुणालाही कळलं नसेल. कळण्याची गरजही नव्हती.

१९५५ च्या ‘आझाद’ची हकिकत सिनेमाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. निर्माते श्रीरामुलू नायडू यांना सगळी गाणी महिन्याभरात हवी होती. नौशाद यांनी या घाईला नकार दिला. अण्णांनी ते काम घेतलं आणि वेळेत पुरं केलं. तलत महमूद वेळेवर येऊ शकले नाहीत, तेव्हा दिलीपकुमारसाठी एक युगुलगीत अण्णा स्वतःच गायले. आजही ते ऐकताना कितीतरी जणांना तो तलतचाच आवाज वाटतो. यात नक्कल किती आणि नाइलाज किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्यात मिनर्व्हातला पेटीवाला दिसतो. घड्याळ चालू आहे, गाणं उभं राहिलंच पाहिजे.

१९५७ च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ हे तर लोकप्रिय संगीताच्या जन्मकथेचं लहान रूपच आहे. संगीताच्या खोलीबाहेर पोरं इंग्रजी खेळगाण्याचे बोल ओरडत होती, त्यावरून मुखडा सुचला असं सांगतात. जॉनी गोम्सनी त्यात आपल्या कोंकणीतलं ‘माका नाका’ घुसवलं. म्हणजे मला नको. राजेंद्र कृष्ण यांनी गीत पुरं केलं आणि किशोरकुमारनं ते असं गायलं की शब्दांना अर्थ नसला तरी चालतं हे भारतभर सिद्ध झालं. पोरांचा खेळ, गोवेकर वादकाची मायबोली, उर्दूत मुरलेला गीतकार, खांडव्याचा बंगाली गायक, मराठी संगीतकार आणि अमेरिकेचा रॉक अँड रोल. इतकी माणसं तीन मिनिटांत एका पंक्तीला बसतात आणि कुणाचाही पाट वेगळा मांडलेला नसतो. ज्या वर्षी भाषावार प्रांतांचे वाद ऐन भरात होते त्या वर्षीची ही गोष्ट आहे.

पण कहाणी इथं नुसती गौरवाची करून चालणार नाही. त्या पंक्तीत बसलेल्या सगळ्यांची नावं पाटीवर लागली नाहीत. तबकडीवर संगीतकाराचं नाव असे, गायकाचं असे. ज्यांनी पन्नास वाद्यांच्या जागा कागदावर लिहून काढल्या त्या गोवेकरांची नावं बहुधा गाळली जात. चिक चॉकलेट १९६७ साली वारले. त्यांच्या वाट्याला निदान टोपणनावाची कीर्ती आली. कित्येकांच्या वाट्याला तीही आली नाही. हा त्या धंद्याचा दोष होता आणि अण्णा त्याच धंद्यात होते. शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या ढोलकीवाल्याचं नाव आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? लोकप्रिय कलेचा हा जुना अन्याय आहे. तो मंडईतही आहे आणि मुंबईतही होता.

१९५८ नंतर अण्णांचे दिवस पालटू लागले. लता मंगेशकरांचा आवाज हा त्यांच्या चालींचा प्राण होता आणि त्या दोघांत दुरावा आला. त्याच वर्षीच्या ‘राजतिलक’मध्ये वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांच्या नृत्याच्या जुगलबंदीला त्यांनी दिलेलं संगीत आजही अंगावर काटा आणतं. १९५९ साली शांतारामबापूंच्या ‘नवरंग’साठी आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांना घेऊन त्यांनी भरत व्यासांच्या गीतांना रंग चढवला, त्यातलं होळीचं गाणं दर फाल्गुनात वाजतंच. तरी बाजाराचा कल दुसरीकडे वळला होता. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर ही नावं पुढे आली होती. ज्या वाटेवरचं रान अण्णांनी तोडलं, त्या वाटेवरून आता इतरांच्या गाड्या भरधाव जात होत्या.

आणि मग १९६२ चं चीन युद्ध झालं. कवी प्रदीपनी शहिदांवर गीत लिहिलं. चाल अण्णांची. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लतानं ते गायलं. दुरावा त्या गाण्यापुरता बाजूला राहिला. पुढचा इतिहास सांगायला नको. देशातल्या प्रत्येक शाळेत, आमच्या आंबागडच्या शाळेतसुद्धा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ते वाजतं. त्या वेळी एखाद्या जुन्या आक्षेपकाला विचारावंसं वाटतं, की हा संगीतकार परकीय वळणाचा होता ना? मग देशाच्या डोळ्यांत पाणी आणणारी चाल त्याला कशी सापडली? उत्तर अवघड नाही. ज्याला माणसांना नाचवता येतं त्याला माणसं कुठं दुखावतात हेही ठाऊक असतं. दोन्ही ठिकाणी कान एकच लागतो.

शेवटच्या पर्वात अण्णा मराठीकडे आले. १९६६ च्या ‘धनंजय’मध्ये आणि १९७० च्या ‘घरकुल’मध्ये. ‘घरकुल’ची गाणी ज्यांच्या बालपणात होती त्यांना चिमुकल्या घरातलं आई-बाबांच्या लाडाचं ते गाणं आठवल्यावाचून राहणार नाही. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीत गोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत ते गेले. चौसष्टाव्या वाढदिवसाला आठवडा उरला होता.

आता पुन्हा त्या पारावरच्या हळहळीकडे वळतो. सिनेमानं खडी गंमत नासवली असं म्हणणाऱ्यांनी अण्णांची कहाणी ऐकावी आणि मग सांगावं, की ज्या चालीला नागपुरात-पुण्यात तालीम मिळाली, गोव्याच्या हातांनी जिला साज चढवला, गिरणगावच्या भगवाननं जिच्यावर नाच केला, ती चाल शाहिरानं उचलली तर तिनं कुणाचं घर बुडालं? आमच्या डोक्यावरचा किल्ला देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदच्या पठाण सुभेदारानं, राजाखानानं १७०० च्या सुमारास उभारला. नंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. आज तो आमचा आहे आणि कुणाच्याही मनात त्याचे कप्पे पडत नाहीत. दगडाच्या बाबतीत जे आपण सहज मान्य करतो ते सुराच्या बाबतीत मान्य करायला इतके आढेवेढे का घेतो?

लोककला खरी मरते ती तिला बघायला कुणी उरत नाही तेव्हा. शाहिराला रात्रीची बिदागी पुरत नाही, त्याचा मुलगा ढोलकी टाकून सुरतेला नाहीतर हैदराबादला मजुरीला जातो, तेव्हा ती मरते. त्याची काळजी करायची सोडून आपण चालीच्या कुळाची चौकशी करत बसतो. शाहीर चाल उचलतो कारण समोर बसलेल्यांच्या कानात ती आधीपासून असते आणि त्या ओळखीच्या सुरावर त्याला आपलं नवं म्हणणं चढवायचं असतं. किर्लोस्करांनी हेच केलं, अण्णांनी हेच केलं. तो ज्या परंपरेत उभा आहे ती शुद्ध नसेल, पण फार मोठी आहे.

अण्णांच्या नावाचं एखादं स्मारक असावं की नसावं, या वादात मला रस नाही. माझी मागणी साधी आहे. येत्या मंडईत एखाद्या शाहिरानं ‘अलबेला’च्या चालीवर धानाच्या भावाचं गाणं उभं केलं, तर त्याला ‘फिल्मी’ म्हणून हिणवू नये. त्याला पूर्ण बिदागी द्यावी. आणि जमलं तर मागे उभ्या असलेल्या ढोलकीवाल्याचं नावही विचारून घ्यावं.